प्रगतीचा रकाना

शर्टाच्या कॉलरला दोन टोकं असतात आणि ती दोन्ही सारखी यावी लागतात. एक जरा बसकं झालं तर घालणाऱ्याचा चेहराच वाकडा दिसतो. ही गोष्ट तिने एकोणीस वर्षांत किती पोरींना शिकवली असेल, तिलाही सांगता आलं नसतं. कपड्यांच्या कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसऱ्या मशीनवर ती बसायची आणि दिवसभर फक्त कॉलर शिवायची. म्हणून सगळे तिला कॉलरताई म्हणायचे. नवी मुलगी कामाला लागली की सुपरवायझर तिला सरळ आणून कॉलरताईच्या शेजारी बसवायचा. पोरगी आठवडाभर रडायची, महिन्याभरात शिवायला लागायची.

एकदा शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेत शिक्षिकेची जागा निघाली. कॉलरताईने अर्ज केला. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा करून पाहिला.

"पदवी?"

"पदवी नाही. पण मशीन द्या, आत्ता शिवून दाखवते."

"मशीन नको बाई. कागद लागतो."

जागा एका कोवळ्या पदवीधर मुलीला मिळाली. पुढे ती आपल्या विद्यार्थिनींना घेऊन कारखाना दाखवायला आली आणि मशीन दाखवताना तिने बॉबिन उलटी बसवली. दोरा गुंतला, मुलगी घामाघूम झाली. कॉलरताईने बॉबिन काढली, सरळ बसवली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. वरून शांत, आतून मात्र तिचा तिळपापड झाला होता. त्या दिवशी घरी गेल्यावर तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"मला पदवी घ्यायची आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. चार वाक्यांचं काम एका शब्दात करायची त्याला सवय. "घे," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "चपला काढ."

नणंदेला मात्र हसू आवरेना. "चाळिशी उलटली, चष्मा लागला, आणि ही निघाली पाटी घेऊन. पोरगा कमवायला लागला, आता सुनेचं बघायचं की स्वतःच्या परीक्षेचं?"

चौकशी केली तेव्हा कळलं की तिच्या वयाच्या बाईला पूर्णवेळ घेणारं, राहायला खोली देणारं आणि जुन्या शालेय गुणांवर नाक न मुरडणारं आवाक्यातलं विद्यापीठ एकच आहे. ते ध्यानाचं विद्यापीठ म्हणून ओळखलं जायचं. विषय सगळे नेहमीचेच होते, पण सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास सगळ्यांनी सभागृहात डोळे मिटून बसायचं, असा नियम होता.

"डोळे मिटायला विद्यापीठ कशाला लागतं?" नणंद म्हणाली. "दुपारी जेवण झालं की मीही मिटते. मला द्या पदवी."

कॉलरताईने कारखान्याचा राजीनामा दिला आणि शिक्षणशास्त्राला नाव घातलं.

आवार मोठं होतं. बसक्या पांढऱ्या इमारती, मधे रुंद पायवाटा, आणि सगळ्यांच्या मध्यभागी गोल सभागृह. आत लाकडी जमीन, चारशे उशा ओळीने मांडलेल्या, बाहेर बूट-चपलांसाठी नंबर घातलेले कप्पे. दाराशी भिंतीवर हजेरीचं यंत्र होतं. त्यात कार्ड घातलं की टिक असा आवाज यायचा. पहिल्या सकाळी तो आवाज ऐकला आणि कॉलरताईने मागे वळून यंत्राकडे पुन्हा पाहिलं. कारखान्याच्या फाटकावर हुबेहूब हेच यंत्र होतं.

पण अभ्यासाची पद्धत तिला मनापासून आवडली. इथे महिनाभर एकच विषय शिकवायचे. तो पुरता संपला की पुढचा. मुलं कंटाळायची, हिला मात्र ही पद्धत अगदी पटली होती. एक कॉलर नीट झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हेच तर ती जन्मभर करत आली होती. बालमानसशास्त्राच्या महिन्यात तिने वर्गात इतके प्रश्न विचारले की प्राध्यापिकाबाई तासाला यायच्या आधी पाणी पिऊन यायला लागल्या.

खोलीत तिच्यासोबत एकोणीस वर्षांची मुलगी होती. प्रत्येक वाक्याची सुरुवात ती "एक मिनिट हां" अशी करायची, म्हणून वसतिगृहात तिचं नावच मिनिट पडलं होतं. बारीक चणीची, नीटनेटकी. तिच्या वह्यांना कव्हरं, कव्हरांना लेबलं, आणि लेबलांवर ठसठशीत अक्षर. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "एक मिनिट हां, मी तुम्हाला काकू म्हणू की ताई?"

"तुझी आई किती वर्षांची?"

"एकेचाळीस."

"तरी ताईच म्हण. काकू म्हटलंस तर मला अभ्यास सुचायचा नाही."

आणि मग आली ती वही.

निळ्या पुठ्ठ्याची, विद्यापीठाने छापलेली. तिच्यावर लिहिलं होतं, अनुभव-वही. रोज ध्यान झालं की भरायची. पानावर चार रकाने आखलेले: मनाची स्थिती, आलेला अनुभव, कालच्या तुलनेत प्रगती, उद्याचा संकल्प. दर शनिवारी मार्गदर्शकाला दाखवायची. वर्षाच्या शंभर गुणांतले वीस गुण या वहीचे.

कॉलरताईने पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे लिहिलं:

मनाची स्थिती: घर आठवत होतं.
अनुभव: डाव्या पायाला मुंग्या.
प्रगती: आज पहिलाच दिवस.
संकल्प: उद्या मांडी बदलून बसेन.

दुसऱ्या दिवशी अनुभवाखाली लिहिलं, "उजव्या पायाला मुंग्या." तिसऱ्या दिवशी, "मागच्या ओळीत कुणीतरी घोरत होतं." आठवडा संपला तेव्हा वहीत मुंग्या, घोरणं, एक माशी आणि बंद करायचं राहून गेलेल्या गॅसची काळजी एवढंच होतं.

त्यांच्या तुकडीचे मार्गदर्शक तिशीच्या आतबाहेरचे, पातळ आवाजाचे गृहस्थ. चालताना पाऊल वाजायचं नाही, बोलताना वाक्य संपल्याचं कळायचं नाही. मुलांनी त्यांचं नाव मऊसर ठेवलं होतं. शनिवारी त्यांनी वही हळूच मिटली.

"ताई, तुम्ही वरवर बघताय. जरा आत बघा."

"आतच बघते सर. आत गॅस आहे."

मऊसर हसले नाहीत. "तुमच्या खोलीतल्या मुलीची वही बघा एकदा. म्हणजे अंदाज येईल, काय अपेक्षा असते ते."

मिनिटची वही तिने पाहिली. पान न् पान भरलेलं. शरीर पिसासारखं हलकं झालं. कपाळामागे सोनेरी उजेड पसरला. काल आनंद काठापर्यंत होता, आज काठावरून वाहिला. कॉलरताई चाट पडली. आपल्या शेजारच्या उशीवर बसून ही पोरगी सोन्यात न्हाते आणि आपण गॅसच बंद करत बसलोय.

तिला वाईटही वाटलं. वाटलं, एकोणीस वर्षं मशीनच्या आवाजात काढली, आपल्या आतलं काहीतरी बहिरं झालं असेल.

मग एकदा कपडे धुण्याच्या खोलीत दोन मुलं बोलताना तिने ऐकलं. एकाच्या हातात मागच्या वर्षीच्या कुणाची तरी निळी वही होती. "ऑक्टोबरपासून समुद्र सुरू करायचा," तो दुसऱ्याला समजावत होता. "आधी उजेड, मग हलकेपणा, मग समुद्र. पहिल्याच महिन्यात समुद्र लिहिलास तर पुढे लिहायला काही उरत नाही." दुसरा उतरवून घेत होता.

कॉलरताई ओल्या चादरीचा पिळा हातात धरून उभीच राहिली. आधी तिला हसू आलं, मग राग. राग त्या मुलांचा नव्हता. ती बिचारी वीस गुणांसाठी धडपडत होती. तिला राग आला तो महिनाभर स्वतःला बहिरी समजत राहिल्याचा.

त्या शनिवारी मऊसरांनी पुन्हा विषय काढला. "प्रगतीच्या रकान्यात तुम्ही रोज 'नाही' लिहिता."

"नाही झाली म्हणून नाही लिहिते."

"काहीतरी होतंच असणार. तुम्हाला शब्द सापडत नसतील. मी मदत करतो हवं तर."

"तुम्ही शब्द दिलेत तर ते तुमचे होतील ना सर."

मऊसरांनी वही बाजूला ठेवली. मग एकदम साध्या, घरच्या आवाजात म्हणाले, "ताई, माझ्याकडे साठ मुलं आहेत. दर महिन्याला वर अहवाल जातो. किती जणांची प्रगती, किती जण आहेत तिथेच. आहेत तिथेच जास्त दिसले की मला बोलावणं येतं."

कॉलरताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचा सुपरवायझर अशाच चेहऱ्याने दुपारी चार वाजता ओळींमधून फिरायचा. माल कमी भरला की आधी त्याला शिव्या बसायच्या, मग तो मशीनवरच्या बायकांना द्यायचा. माणूस वाईट नव्हता.

"सर, तुमची अडचण कळते मला," ती म्हणाली. "पण मी खोटं लिहिणार नाही. तुम्ही मला आहे तिथेच दाखवा."

एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. वहीतही लिहिली नव्हती. तिला तो अर्धा तास आवडायला लागला होता. उजेड नाही, समुद्र नाही, काही नाही. नुसतं बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा दिवसातून दोनदा तिच्याकडून कुणाला काही नको होतं. हातात कापड नाही, समोर ताट नाही, कुणी हाक मारत नाही. कधी कधी तर डोळे उघडल्यावर अर्धा तास एवढ्यात संपला याचं तिला वाईट वाटायचं. आणि ते एवढं छान वाटायचं म्हणूनच बाहेर येऊन लगेच त्याचा जाब द्यायला तिचं मन घेत नव्हतं. तिने डोळे मिटायचे आणि उघडताक्षणी कुणीतरी टेबलावर हात पसरून म्हणायचं, दाखव काय केलंस. हे तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या सत्रात मिनिटची वही भर सभेत वाचून दाखवली गेली. टाळ्या झाल्या. वार्षिक समारंभाला बाहेरचे पाहुणे यायचे होते, त्या दिवशीच्या ध्यानात तिने पहिल्या ओळीत बसायचं असं ठरलं. मिनिट खोलीत आली ती पांढरीफटक पडलेली.

"अगं, खूश व्हायचं सोडून तोंड असं का?"

"एक मिनिट हां," मिनिट म्हणाली. ती स्वेटर काढत होती. बाही वर सरकली तेव्हा कॉलरताईला तिच्या दंडावर निळे-काळे डाग दिसले. पाच, सहा, काही जुने पिवळे पडलेले.

"कुणी केलं हे?"

"मीच." मिनिटने बाही खाली ओढली. "चिमटे आहेत. डोळे मिटले की काही वेळाने छातीवर कुणीतरी येऊन बसतं. श्वासच पुरत नाही. वाटतं, आता मी मरणार. चिमटा काढला की थोडं कमी होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"आणि वहीत तो समुद्र?"

मिनिटने मान खाली घातली. "आधी खरं सांगितलं होतं मी सरांना. ते म्हणाले, जुनं काहीतरी बाहेर पडतंय, पडू दे, अडवू नकोस, ही चांगली खूण आहे. मग मला वाटलं, सगळ्यांना आनंद होतो आणि मलाच असं होतं, म्हणजे माझ्यातच काहीतरी घाण आहे. म्हणून मग लिहायला लागले. लिहिलं की सगळे खूश असतात."

कॉलरताई तिच्या पलंगावर बसली. तिने मुलीचा हात हातात घेतला, डागांवरून अंगठा फिरवला. उपदेश करायची तिला सवय नव्हती. "उद्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"समारंभ झाल्यावर जाऊ. आई-बाबा येणार आहेत बघायला."

इथे कॉलरताई चुकली. तिने ऐकायला नको होतं. पुढे ती स्वतःच तसं म्हणायची. पण आई-बाबांचं नाव निघालं आणि तिने मान डोलावली. तेवढं मात्र केलं की दुसऱ्या दिवशी मऊसरांना गाठून मुलीला पहिल्या ओळीत बसवू नका, असं सांगितलं. मऊसर म्हणाले, यादी छापून झाली आहे.

समारंभाच्या सकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. पाहुण्यांसाठी कडेने खुर्च्या मांडलेल्या. मिनिटचे आई-बाबा दुसऱ्या रांगेत, नवे कपडे घालून, अवघडून बसलेले. घंटा झाली. चारशे माणसांनी डोळे मिटले.

कॉलरताईने मिटले नाहीत. सातव्या ओळीतून तिला मिनिटची पाठ दिसत होती. दहा मिनिटं पाठ ताठ होती. मग खांदे वर चढायला लागले. उजवा हात सावकाश डाव्या दंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग मान हलायला लागली, अगदी बारीक, थंडीने कुडकुडल्यासारखी.

कॉलरताई उठली. तिचे गुडघे कडाकड वाजले. लाकडी जमीन प्रत्येक पावलाला कुरकुरली. ओळींमधून वाट काढत ती पुढे गेली, कुणाच्या उशीवर पाय पडला, कुणाच्या गुडघ्याला लागला. मिनिटच्या पुढ्यात बसून तिने हळू हाक मारली. मिनिटने डोळे उघडले, पण तिला समोरचं काही दिसत नव्हतं. ओठ निळसर, हात बर्फासारखे.

"चल," कॉलरताई म्हणाली, आणि तिला काखेत हात घालून उठवलं.

दाराशी एक स्वयंसेवक उभा होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने, खाली बसा, अशी खूण केली. कॉलरताई थांबली नाही. तो दाराला पाठ लावून आडवा उभा राहिला.

"बाजूला हो," ती म्हणाली.

ती ओरडली नाही. कारखान्यात मशीनच्या गडगडाटात शेजारणीला ऐकू जावं म्हणून जो आवाज लावायची, तोच लावला. पण इथे गडगडाट नव्हता. त्या गोल छताखाली ते दोन शब्द फिरून फिरून परत आले. चारशे माणसांचे डोळे एकदम उघडले. स्वयंसेवक बाजूला झाला.

बाहेर पायरीवर तिने मिनिटला बसवलं. "पाय टेक जमिनीवर. असे. आता सांग मला, समोर काय दिसतंय."

"चपला."

"किती?"

"खूप."

"लाल किती आहेत ते सांग."

कारखान्यात लाईनवर पोरी घाबरल्या की ती हेच करायची, त्यांना दोऱ्याची रिळं मोजायला लावायची. मिनिट मोजत राहिली. अकरा लाल जोड झाले तेव्हा तिचा श्वास खाली उतरला. मग ती रडायला लागली, आणि तेवढ्यात तिची आई धावत बाहेर आली.

पाहुण्यांसमोर व्हायची ती शोभा झाली. चौथ्या दिवशी कॉलरताईच्या हातात नोटीस पडली. सामूहिक ध्यानाचा भंग, स्वयंसेवकाशी असभ्य वर्तन, आणि अनुभव-वही सातत्याने असमाधानकारक. समितीपुढे हजर राहा, तत्पूर्वी लेखी माफीनामा द्या. नणंदेला कुठून तरी कळलं आणि तिने फोन केला. "तुला आधीच सांगितलं होतं. आता माफी माग आणि मोकळी हो. दोन ओळी तर लिहायच्या आहेत."

मग नवऱ्याने फोन घेतला. "मुलगी बरी आहे का?"

"डॉक्टरांनी औषध दिलंय. घाबरण्याचा आजार आहे म्हणाले, बरा होतो."

"मग माफी कशाची मागायची?" नवरा म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

समिती लांब टेबलापलीकडे बसली होती. मधे कुलसचिवबाई, करड्या केसांच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. कडेला मऊसर, खाली मान घालून. माफीनाम्यासाठी दिलेला कागद कॉलरताईने कोराच टेबलावर ठेवला.

"हे कोरं आहे," कुलसचिवबाई म्हणाल्या.

"हो. लिहिण्यासारखं काही सापडलं नाही."

"तुमच्या वहीसारखंच." बाईंनी निळी वही उघडली. "'आज माशी.' 'आज झोप आली.' 'आज काही नाही.' तुमचा ध्यानावर विश्वास नव्हता तर इथे आलात कशाला? इतर विद्यापीठं नव्हती?"

"नव्हती," कॉलरताई म्हणाली. "पण ध्यानाबद्दल माझी तक्रार नाही बाई. उलट मला ते आवडतं. वर्षभरात एक दिवस चुकवलं नाही मी, कार्ड बघा."

बाईंनी कार्ड पाहिलं. खरंच एकही खाडा नव्हता.

"मग लिहायला काय हरकत आहे?"

"मी कारखान्यात कॉलर शिवायचे. दिवसाला इतका माल म्हणजे इतका, कमी पडला की बोलणी. तिथे ते ठीक होतं, कॉलर मोजता येते. इथे तुम्ही मुलांकडून आनंदाचा माल भरून घेताय. काल इतका, आज त्याहून जास्त. नाही भरला की मुलं दुसऱ्याच्या वहीतून उतरवतात. आणि जिला खरंच त्रास होतो ती पोरगी स्वतःला चिमटे काढत समुद्र लिहिते. तिने आधी खरं सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही त्याला चांगली खूण म्हणालात. तिने काय करायचं होतं? मरायचं होतं का, म्हणजे प्रगती झाली असती?"

कुलसचिवबाईंनी वही मिटली. मऊसरांचे कान लाल झाले होते.

"तुम्ही मर्यादा सोडून बोलताय," समितीतल्या एका गृहस्थांनी म्हटलं.

"मर्यादा ठेवूनच बोलते. सोडली की मी कशी बोलते ते दुसऱ्या मजल्यावर विचारा."

कुलसचिवबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला आणि लगेच जागेवर आला. "माफी मागणार नाही, असंच समजायचं ना?"

"स्वयंसेवकाला मी ढकललं नाही, पण तो घाबरला असेल तर त्याला भेटून बोलेन. बाकी कशाची नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उठेन."

निकाल दोन दिवसांनी लागला. वहीचे शून्य गुण, आणि एक महिना सभागृहात प्रवेश बंद. ध्यानाच्या विद्यापीठात ध्यान करायला बंदी, हे ऐकून सगळं वसतिगृह हसत सुटलं. कॉलरताईला हसू आलं नाही. तिचा तो अर्धा तास हिरावून घेतला होता.

पण तिने तो सोडला नाही. सभागृहासमोर एक लोखंडी बाक होता. सकाळी पावणेसातला ती तिथे जाऊन बसायला लागली, अगदी दारासमोर, आत जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. पहिले दोन दिवस मुलं नजर चुकवून आत शिरली. तिसऱ्या दिवशी मिनिट येऊन शेजारी बसली. डॉक्टरांनी तिला डोळे मिटून बसायचं नाही असं लिहून दिलं होतं. ती उघड्या डोळ्यांनी झाडाकडे बघत बसायची, कधी पुस्तक वाचायची, कधी खुशाल सफरचंद खायची. मग आणखी दोघं आली, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन. पुढच्या आठवड्यात चौदा चिठ्ठ्या झाल्या. त्यातल्या काही निव्वळ आळसाच्या होत्या हे कॉलरताईला दिसत होतं, पण काही मुलांचे चेहरे तिने ओळखले. महिन्याच्या शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः कुलसचिवांकडे गेल्या. आत काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही. पुढच्या वर्षीच्या वहीत मात्र तीनच रकाने छापलेले होते. प्रगतीचा नव्हता. गुण वीसचे दहा झाले होते. ज्याला त्रास होतो त्याने ध्यानाऐवजी चालायला जावं, अशी एक ओळ नियमांत वाढली होती. कुणी कॉलरताईचं नाव घेतलं नाही, आणि तिलाही ते अपेक्षित नव्हतं.

मिनिट दुसऱ्या वर्षानंतर घराजवळच्या कॉलेजात गेली. तिच्या आईला तिला डोळ्यांसमोर ठेवायचं होतं. जाताना दोघी बाकावर बराच वेळ बसल्या.

शेवटच्या वर्षी मऊसर एकदा ग्रंथालयात तिच्या टेबलाशी आले. ते मार्गदर्शकाचं काम सोडून वर्गात शिकवायला लागले होते, आणि आता त्यांच्या वाक्यांना शेवट असायचा. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "ताई, अहवालासाठी नाही विचारत. तुम्हाला इतक्या दिवसांत खरंच काही झालं नाही?"

"झालं की."

"काय?"

"ते माझं मी ठेवलंय," ती म्हणाली, आणि पुस्तकात डोकं घातलं. मऊसर हसले. मग तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले आणि आपले पेपर तपासायला लागले.

पदवीच्या आधी गुणपत्रिका छापायला गेली तेव्हा कचेरीतून तिला निरोप आला. गुणपत्रिकेवर साधना म्हणून एक ओळ असते, उत्तम, चांगली किंवा मध्यम. तिच्या वहीचे शून्य गुण बघून कारकुनाला दया आली होती.

"मध्यम टाकतो," तो म्हणाला. "कुठे नोकरीबिकरीला गेलात तर आडवं यायला नको."

"मध्यम नको."

"मग चांगली टाकू? जरा जास्त होईल, पण बघतो."

"काहीच टाकू नका. जागा रिकामी सोडा."

"अहो, रिकामी चालत नाही. यंत्र घेत नाही."

"मग हाताने करा."

कारकून दोन वेळा आत जाऊन आला. शेवटी कुलसचिवबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी कॉलरताईकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि कारकुनाला म्हणाल्या, "त्यांना हवं तसं करा." त्या गुणपत्रिकेवर साधनेपुढे निळ्या शाईची एक आडवी रेघ आहे, आणि तिच्याशेजारी बाईंची सही.

पदवी दुसऱ्या श्रेणीत मिळाली. जुन्या संस्थेत जागा नव्हती, आणि असती तरी ती पुन्हा त्या खिडकीपाशी गेली असती की नाही, सांगता येत नाही. दोन बस बदलून जावं लागतं अशा एका प्रशिक्षण केंद्रात तिला काम मिळालं. पहिल्या तुकडीत बारा बायका होत्या, त्यातल्या तिघी तिच्याहून मोठ्या. पहिल्या आठवड्यात सतरा सुया मोडल्या. केंद्रप्रमुख दारात येऊन विचारून गेले की वर्ग मागे तर पडत नाही ना.

"मागेच आहे," कॉलरताई म्हणाली. "पुढच्या महिन्यात या."

आणि तिने एका बाईच्या मशीनमधला गुंतलेला दोरा सोडवायला घेतला.